कुंपणाचे खांब

शाळेच्या बागेला शोभेचे कुंपण घालावयाचे ठरले, की चर्चा रंगते ती रंगाची व नक्षीची. खांब किती खोल पुरावयाचे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. आमच्या मते पैसा व श्रम प्रथम तेथेच खर्चावेत. खांबाचा एक-तृतीयांश भाग जमिनीत असावा. 6 फुटी खांब 2 फूट पुरावा. 1 फूटच पुरला तर कुंपण उंच दिसते खरे. परंतु आपल्या माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ पुरलेले खांब कलू लागतात. म्हणून खड्ड्यात काळ्या मातीऐवजी मुरूम भरून तो थराथराने धुमसाने ठोकावा. लाकूड बहुधा जमिनीलगत कुजते, कारण ओल व हवा तेथे एकत्र मिळतात. यास्तव खांबाभोवती उतार ठेवावा, म्हणजे पाणी साचणार नाही. हे काम केवळ मजुरांवर न सोपविता वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीही हाती घ्यावे, असे आम्हांस वाटते. रंग दरवर्षी नवा देता येतो. कललेला खांब पुन्हा पुरावयाचा म्हणजे उभे कुंपण उकलणे आले.