स्पीकरमधील घरघर आणि तेरजेतील फरक

दिवाणखान्यात होम थिएटर असणे ही आता नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. पारशिवनीसारख्या तालुक्याच्या गावीही मोठा टीव्ही, ॲम्प्लिफायर, स्पीकर आणि सबवूफर अशी मांडणी अनेक घरांत दिसते. तिच्याबरोबर एक तक्रारही कानी येते. गाणे थांबले, संवाद संपले की स्पीकरमधून अखंड घरघर ऐकू येत राहते. बहुतेकांना यावर दोनच मार्ग सुचतात : नवे यंत्र विकत घेणे किंवा त्या आवाजाची सवय करून घेणे. कोणी तिसराही मार्ग सुचवतो, आणि तो जिवावर बेतणारा आहे. म्हणूनच आजच्या लेखासाठी हा विषय घेतला आहे.

संगणक येण्यापूर्वी ज्यांनी बँकेत काम केले, त्यांना तेरीज न जुळण्याचा अनुभव असेलच. अशा वेळी सर्व खातेवह्या एकदम उपसण्याऐवजी आम्ही प्रथम फरकाची रक्कम न्याहाळत असू. तिला नऊने पूर्ण भाग गेला, तर ५४ च्या जागी ४५ अशी अंकांची अदलाबदल झाल्याची शंका येई. रक्कम सम असली, तर तिच्या निम्म्या रकमेची नोंद नावेऐवजी जमेस पडली आहे का, हे पाहिले जाई. फरकाचे स्वरूपच चुकीची जागा सुचवीत असे. स्पीकरमधील घरघरीचेही तसेच आहे.

आपल्या घरातील वीज २३० व्होल्टची असते आणि ती दर सेकंदाला ५० आवर्तने करते. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले. तेव्हापासून कोराडी-खापरखेड्याची जनित्रे आणि तमिळनाडूतील जनित्रे एकाच लयीत फिरतात. ही लय ध्वनियंत्रणेत शिरली की जो खर्ज ऐकू येतो, तो संवादिनीवरील पांढरी पाच या स्वराच्या अगदी खालच्या सप्तकाजवळचा असतो. असा खोल, सलग नाद बहुधा तारांच्या जोडणीतून येतो. त्याहून एक सप्तक वरचा, १०० आवर्तनांचा नाद बऱ्याचदा ॲम्प्लिफायरच्या वीजपुरवठ्यातील जुन्या झालेल्या कपॅसिटरकडे बोट दाखवतो. आवाज कर्कश, करकरणारा असेल, तर पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर किंवा दिव्याचा डिमर बंद करून पाहावा.

यानंतर आवाजाचे बटण फिरवावे. त्याबरोबर घरघर वाढत असेल, तर ती टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, लॅपटॉप यांच्याकडून किंवा त्यांच्या तारांतून येते. ती तेवढीच राहत असेल, तर दोष ॲम्प्लिफायरमध्येच असण्याचा संभव अधिक. मग वीज बंद करून एकेक तार काढावी आणि प्रत्येक वेळी पुन्हा चालू करून ऐकावे. एका वेळी एकच तार, हा नियम मोडू नये. दोन खाती एकदम तपासली की फरक कोणत्या खात्यात होता, हे कळत नाही.

एका स्नेह्यांच्या घरी याच पद्धतीने शोध घेतला. लॅपटॉपची ध्वनीची तार काढताच घरघर थांबली. तार पुन्हा जोडून चार्जर काढला, तरीही ती थांबली. लॅपटॉपचा चार्जर एका भिंतीवरील सॉकेटमध्ये आणि ॲम्प्लिफायर समोरच्या भिंतीवर, असे दोन्ही तीन पिनांचे प्लग होते. दोन सॉकेटच्या अर्थिंगमध्ये किंचित विद्युतदाब राहतो. ध्वनीच्या तारेने ती दोन्ही ठिकाणे जोडली की एक वर्तुळ पूर्ण होते, त्यातून सूक्ष्म प्रवाह वाहतो आणि तोच स्पीकरमध्ये घुमतो. दोन्ही प्लग एकाच बोर्डावर घेताच काम झाले. तेवढ्याने भागले नसते, तर ध्वनीच्या तारेत लहान आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवता आला असता. टीव्हीसारख्या यंत्रास ऑप्टिकल केबलही चालते. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही.

आता तो तिसरा मार्ग. 'प्लगची जाड पिन काढून टाका, आवाज जाईल,' असा सल्ला सर्रास दिला जातो. आवाज जातो, हे खरे. परंतु ती पिन अर्थिंगची असते. यंत्रातील जिवंत तार धातूच्या पेटीला चिकटली, तर प्रवाह त्या पिनेवाटे जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडतो. पिन नसेल, तर पेटी २३० व्होल्टवर तशीच उभी राहते, ओल्या हाताच्या स्पर्शाची वाट पाहत. ही पिन इतर दोन पिनांहून लांब ठेवलेली असते, ती प्लग घालताना संरक्षण आधी जोडले जावे आणि काढताना शेवटी सुटावे म्हणून. फरक उचंत खात्यात टाकून तेरीज जुळवता येते, मात्र चूक होती तिथेच राहते. येथे त्या चुकीची किंमत घरातील माणूस मोजतो.

याउलट, यंत्राच्या धातूला हात लागताच झिणझिण्या येत असतील, तर सॉकेटला अर्थिंगच नसण्याची शक्यता असते. जुन्या घरांत तीन छिद्रांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या छिद्रामागे तार नसते. शिवाय विदर्भाच्या उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा खड्डाही आपले काम नीट करीत नाही. त्यात वेळोवेळी पाणी घालावे लागते. अशा घरात घरघर ही तक्रार नसून सूचना असते.

म्हणून वायरमनला बोलावल्यावर स्पीकर दाखवण्यापूर्वी अर्थिंग मोजून घ्यावे आणि मुख्य फलकावर ३० मिलीअँपिअरचे आरसीसीबी आहे की नाही, हेही विचारावे. ते नसेल, तर नव्या सबवूफरचा खर्च पुढे ढकलून आधी ते बसवून घ्यावे.