नोंद कोणत्या वहीत?

एकाच पेढीवर दोन फर्मांचा व्यवहार चालत असेल, तर मुनीम नोंद करण्यापूर्वी वहीवरील नाव पाहतो. समोर जी वही उघडी पडली आहे तीत तो लिहीत नाही. संगणकावर मात्र हीच दक्षता पुष्कळदा विसरली जाते.

दुकानाचे संकेतस्थळ पीएचपी भाषेत लिहिलेले असते. त्याच प्रोग्रॅमला बिले एका डेटाबेसमध्ये व मालसाठा दुसऱ्यात लिहावा लागतो. त्यासाठी दोन जोडण्या, म्हणजे कनेक्शन, उघडावी लागतात. पीएचपीच्या जुन्या मायएसक्यूएल पद्धतीत जोडणीचे नाव न सांगितल्यास आज्ञा शेवटी उघडलेल्या जोडणीकडे जाई. सर्व्हर, वापरकर्ता व पासवर्ड तेच असल्यास दुसऱ्या वेळी नवी जोडणी न मिळता पहिलीच परत मिळे. मग डेटाबेस बदलला की तो दोन्हींसाठी बदले. दोन्हीकडे एकाच नावाचे तक्ते असतील, तर नोंद भलत्याच वहीत जाई आणि चुकीची सूचनाही मिळत नसे. २०१५ च्या डिसेंबरात आलेल्या पीएचपी ७ मधून ही पद्धत काढून टाकण्यात आली. आजच्या पीडीओ व मायएसक्यूएलआय पद्धतींत प्रत्येक जोडणीला स्वतंत्र नाव देऊन त्या नावानेच आज्ञा देता येते. ही नावे 'एक' व 'दोन' अशी न ठेवता 'बिले' व 'साठा' अशी अर्थपूर्ण ठेवावीत.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. 'सर्व नोंदी होतील किंवा एकही होणार नाही' ही ट्रान्झॅक्शनची हमी सामान्यतः एकाच जोडणीपुरती असते. बिल पक्के झाले आणि साठ्याची नोंद होण्यापूर्वी सर्व्हर बंद पडला, तर विकलेला माल शिल्लक दिसतो व तोच दुसऱ्या ग्राहकाला विकला जातो. दोन्ही डेटाबेस एकाच मायएसक्यूएल सर्व्हरवर असतील, तर तक्त्यापुढे डेटाबेसचे नाव लिहून एकाच जोडणीतून, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये काम भागते. सर्व्हर वेगळे असतील, तर बँकेच्या पासबुकाशी वही ताडून पाहावी तसा दोहोंचा मेळ रोज घालावा.

जोडण्यांनाही मर्यादा असते. मायएसक्यूएलमध्ये ती मुळात १५१ असते. प्रत्येक ग्राहकामागे त्याच सर्व्हरवर दोन जोडण्या खर्च झाल्या, तर एकाच क्षणी पंच्याहत्तरच्या आसपास ग्राहकांनाच वाव राहतो. म्हणून गरज पडेल तेव्हाच जोडणी उघडावी व काम संपताच बंद करावी.

संकेतस्थळ बनवून घेताना व्यापाऱ्याने प्रोग्रॅमरला एवढेच विचारावे: प्रत्येक नोंद कोणत्या वहीत जाते, आणि एक नोंद होऊन दुसरी राहिली तर ते कोणाला, केव्हा कळते?