दीनानाथांवरचा खोटा ठपका

गोव्यातल्या अंत्रुज महालात मास्टर दीनानाथ मंगेशकरांचा विषय निघाला की बोलणे हमखास एका निकालावर येऊन थांबते: रंगभूमीचा राजा सिनेमाच्या नादी लागला आणि धुळीला मिळाला. मंगेशीच्या या सुपुत्राबद्दल त्याच्याच फोंडा तालुक्यात हे ऐकवले जावे, याचे वाईट वाटते. शिवाय हा निकाल चुकीचा आहे.

आधी आक्षेपकांचे म्हणणे मांडू. चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह दीनानाथांनी 1918 साली बलवंत संगीत मंडळी काढली, तेव्हा त्यांना अठरावे लागले होते. ‘भावबंधन’मधली लतिका आणि ‘रणदुंदुभि’मधली तेजस्विनी रसिकांनी डोक्यावर घेतली. पुढे सांगलीत बलवंत पिक्चर्स उभी राहिली. 1934 साली ‘कृष्णार्जुन युद्ध’ पडद्यावर आले, पण पैसा बुडाला आणि मंडळीही मोडली. यावरून त्यांच्यावर लोभ, व्यवहारशून्यता आणि व्यसन असे तीन दोष ठेवले जातात.

लोभाचा आरोप काळाकडे पाहिले की गळून पडतो. 1931 साली ‘आलम आरा’ बोलू लागला, 1932 साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. नाटक मंडळी म्हणजे फिरता संसार: नट, साथीदार, पडदे, पोशाख, सगळ्यांचे जेवणखाण, मुक्कामाचे भाडे. खेळ होवो न होवो, खर्च थांबत नसे. बोलपट मात्र एकदा तयार झाला की एकाच दिवशी अनेक गावांत लागे, तोही कमी दरात. अशा वेळी पडद्याकडे वळणे हा तगून राहण्याचा प्रयत्न होता.

व्यवहारशून्यतेचे आणि व्यसनाचेही तेच. अखेरच्या वर्षांत व्यसनाने त्यांना ग्रासले, हे नाकारण्याचे कारण नाही. पण बलवंत मंडळी मोडली त्याच सुमारास गंधर्व नाटक मंडळीही डबघाईला आली होती. साक्षात बालगंधर्व प्रभातमध्ये गेले, 1935 साली ‘धर्मात्मा’त एकनाथ झाले आणि पुन्हा रंगभूमीकडे परतले. तेव्हा अख्ख्या संगीत रंगभूमीवर आलेले संकट एका माणसाच्या स्वभावावर ढकलणे हा शुद्ध अन्याय आहे.

मग पडदा त्यांना का पावला नाही? त्यांचे गाणे आठवा. त्यांची तान एका झटक्यात वर जाई, अनपेक्षित स्वरावरून वळे आणि समेवर येईपर्यंत श्रोत्याचा श्वास अडकवून ठेवी. ‘वन्स मोअर’ आला की तेच पद नव्या वाटेने जाई. प्रेक्षक आणि नट मिळून घडवायचे ते गाणे होते. 1934 साली आपल्याकडे पार्श्वगायन रुळले नव्हते. नटाला कॅमेऱ्यासमोरच गावे लागे. हालचाल मायक्रोफोनच्या पल्ल्यात, पद मोजक्या मिनिटांत आणि समोर दाद द्यायला कुणी नाही. त्यांच्या कलेचे बळच तिथे कापले जात होते. ही मर्यादा त्या काळच्या यंत्राची होती.

आता त्यांची बाजू. सिनेमासाठी दीनानाथ दुसऱ्याच्या दारात पगारी नट म्हणून उभे राहिले नाहीत. सहकाऱ्यांसह स्वतःची चित्रसंस्था काढून जोखीम अंगावर घेतली. ‘कृष्णार्जुन युद्ध’च्या दिग्दर्शनात चिंतामणरावांबरोबर विश्राम बेडेकर होते; ‘रणांगण’ लिहिणाऱ्या या लेखकाची चित्रपटातली वाटचाल इथूनच सुरू झाली. जोखीम घेणे दीनानाथांच्या रक्तातच होते. सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध असताना त्यांचे ‘संन्यस्त खड्ग’ 1931 साली याच मंडळीने रंगभूमीवर आणले, तेही इंग्रजी अमलात. असा माणूस बोलपट आल्यावर हातावर हात ठेवून कसा बसला असता?

24 एप्रिल 1942 रोजी पुण्यात, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी ते गेले. त्याच वर्षी त्यांची बारा-तेरा वर्षांची लेक लता ‘पहिली मंगळागौर’मध्ये पडद्यावर दिसली. वडिलांचे गाणे ज्यांच्या गळ्यात उतरले, त्या मुलांनी पुढे याच सिनेमाला सूर दिला.

आठ वर्षांनी, 24 एप्रिललाच, 1950 साली ‘मोगाचो आंवडो’ प्रदर्शित झाला आणि ती तारीख गोव्यात कोंकणी चित्रपट दिन ठरली. त्या दिवशी पहिल्या कोंकणी चित्रपटाबरोबर ‘कृष्णार्जुन युद्ध’चे आणि दीनानाथांचेही नाव घ्यावे, अशी फोंड्यातल्या नाट्यसंस्थांना आणि गोव्यातल्या चित्रपटवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे. गोमंतकीयांच्या चित्रपटाच्या इतिहासातले पहिले पान त्यांना देणे लागतो आपण.