विश्लेषण : पंतप्रधानपद नऊ महिने, महापौरपद अकरा वर्षे... फ्रान्सच्या बायरू यांची कारकीर्द काय सांगते?

फ्रान्सचे पंतप्रधान फ्रान्स्वा बायरू यांचे सरकार ८ सप्टेंबर २०२५ रोजी कोसळले. त्यांनी स्वतःहून मागितलेल्या विश्वासदर्शक ठरावाच्या बाजूने १९४, तर विरोधात ३६४ मते पडली. पाचव्या प्रजासत्ताकात अशा प्रकारे पायउतार झालेले ते पहिलेच पंतप्रधान. पण पंतप्रधानपद गेले तरी एक पद तेव्हा त्यांच्याकडे कायम राहिले. ते म्हणजे पो या शहराचे महापौरपद. स्थानिक आणि राष्ट्रीय अशा दोन्ही डगरींवर चार दशके पाय ठेवून चाललेल्या या कारकिर्दीविषयी...

बायरू कोण आहेत?

फ्रान्सच्या नैर्ऋत्य टोकाला, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या बोर्डेर या गावी १९५१ मध्ये शेतकरी कुटुंबात बायरू यांचा जन्म झाला. लहानपणी ते बोलताना अडखळत. पुढे ते ग्रीक-लॅटिनसह अभिजात साहित्याचे शिक्षक झाले. १९८२ मध्ये ते जिल्हा पातळीवरील परिषदेवर निवडून आले, १९८६ मध्ये खासदार झाले आणि १९९२ ते २००१ या काळात त्या परिषदेचे अध्यक्ष होते. १९९३ ते १९९७ या काळात ते शिक्षणमंत्रीही होते. म्हणजे जिल्ह्याचा कारभार आणि देशाचे शिक्षण खाते ते एकाच वेळी सांभाळत होते.

राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक त्यांनी तीनदा लढवली. २००७ मध्ये सुमारे साडेअठरा टक्के मते मिळवून ते तिसरे आले. ना डावे ना उजवे, मध्यममार्गी ही त्यांची भूमिका. याच मार्गाने २०१७ मध्ये इमॅन्युएल मॅक्राँ सत्तेवर आले, तेव्हा बायरू यांनी स्वतः माघार घेऊन त्यांना पाठिंबा दिला होता.

पो शहर इतके महत्त्वाचे का?

फ्रान्समधील महापौर हा केवळ मानाचा धनी नसतो. आपल्याकडे महापालिका आयुक्तांकडे असतात तसे कार्यकारी अधिकार तिथे महापौराकडे असतात. शिवाय मुदत सहा वर्षांची. त्यामुळे मोठ्या नेत्यांनाही आपले शहर सोडवत नाही. पो हे राजा चौथा हेन्री याचे जन्मस्थान. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातील यादवी थांबवणाऱ्या या राजाचे चरित्र बायरू यांनी लिहिले आहे.

२००८ मध्ये मात्र पोच्या मतदारांनी त्यांना थोडक्या मतांनी नाकारले. २०१२ मध्ये खासदारकीही गेली. बायरू संपले, असे तेव्हा म्हटले गेले. २०१४ मध्ये ते महापौर झाले आणि तिथूनच त्यांचे पुनरागमन सुरू झाले. २०१९ मध्ये पोमध्ये हायड्रोजनवर चालणारी जलद बससेवा सुरू झाली.

दोन पदांचा वाद काय आहे?

फ्रान्समध्ये एकाच वेळी अनेक पदे भूषवण्याची जुनी परंपरा आहे. जाक शिराक पॅरिसचे महापौर असतानाच पंतप्रधान होते, तर आलँ ज्युपे बोर्दोचे. १९९७ मध्ये लिओनेल जोस्पँ यांनी मंत्र्यांनी स्थानिक कार्यकारी पद सोडावे, असा संकेत पाडला. २०१४ च्या कायद्याने खासदारांना महापौरपद बंद झाले आणि २०१७ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. मंत्री मात्र त्या कायद्याच्या कक्षेत नाहीत.

डिसेंबर २०२४ मध्ये बायरू पंतप्रधान झाले. दुसऱ्याच दिवशी हिंदी महासागरातील मायोत या फ्रेंच बेटावर चिडो चक्रीवादळाने हाहाकार माजवला. अशा वेळी नवे पंतप्रधान सरकारी विमानाने पोला गेले, ते नगर परिषदेच्या बैठकीसाठी. टीकेची झोड उठली. बायरू यांनी माफी मागितली नाही. उलट, स्थानिक आणि राष्ट्रीय पदे तोडल्यामुळेच राजकारण जनतेपासून दुरावले, असा युक्तिवाद केला. हा मुद्दा अगदीच चुकीचा नाही, पण तो मांडण्याची वेळ निश्चितच चुकली.

बेताराम प्रकरणाने काय झाले?

जे शहर बळ देत होते, त्याच परिसरातून संकटही आले. पोजवळच्या बेताराम येथील कॅथलिक निवासी शाळेत अनेक दशके मुलांवर शारीरिक व लैंगिक अत्याचार झाल्याच्या सुमारे २०० तक्रारी पुढे आल्या. बायरू यांची मुले याच शाळेत शिकली होती. ते शिक्षणमंत्री असताना त्यांना काय ठाऊक होते, हा प्रश्न उपस्थित झाला. वर्तमानपत्रांत आले त्यापलीकडे काही माहीत नव्हते, असे त्यांचे म्हणणे. मे २०२५ मध्ये संसदीय समितीने त्यांची पाच तासांहून अधिक काळ चौकशी केली आणि जुलैतील अहवालात, त्यांनी हाती साधने असूनही कृती केली नाही, असा ठपका ठेवला. जिल्ह्यातील प्रत्येकाला ओळखणे ही नेत्याची ताकद खरी, पण मग 'मला माहीत नव्हते' हे उत्तर लोकांच्या गळी उतरणे कठीण होते.

सरकार का पडले?

सुमारे ३,३०० अब्ज युरोंचे सरकारी कर्ज, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ११४ टक्के. ते रोखण्यासाठी बायरू यांनी जुलैमध्ये सुमारे ४४ अब्ज युरोंच्या काटकसरीची योजना मांडली. त्यात दोन सार्वजनिक सुट्ट्या रद्द करण्याचा प्रस्ताव होता. डावे आणि अति-उजवे दोघेही विरोधात गेले. २०२४ च्या मध्यावधी निवडणुकीपासून संसदेत कोणाकडेच बहुमत नाही. नगर परिषदेत जिंकणाऱ्या यादीला निवडणूक पद्धतीमुळेच भक्कम बहुमत मिळते. राष्ट्रीय संसदेत तशी सोय नाही, तिथे तडजोडच करावी लागते. आयुष्यभर मध्यममार्गाचा पुरस्कार करणाऱ्या बायरू यांना नेमके तेच जमले नाही.

पुढे काय?

त्यांच्या जागी सेबास्तियाँ लकोर्न्यू आले. तेही व्हेर्नों या छोट्या शहराचे महापौर राहिलेले. म्हणजे पॅरिसच्या सत्तेची वाट अजूनही गावातूनच जाते. मात्र गावाने कमावलेली पुण्याई संसदेतील आकड्यांपुढे पुरत नाही, हे बायरू यांनी अनुभवले. मार्च २०२६ मध्ये फ्रान्सभर पालिका निवडणुका होत्या. राष्ट्रीय राजकारणातील पराभवानंतर आपले शहर तरी आपले उरले आहे का, याचे उत्तर त्यांना तेव्हा मिळणार होते.