थंडी इथली आणि थंडी तिथली

यंदाची दिवाळी ही आमची खराडीतली शेवटची दिवाळी, असे आमच्या चिरंजीवांचे म्हणणे आहे. ते खरे की खोटे, हे घरात अजून ठरायचे आहे. पण कार्तिक संपला की आम्ही उभयतां टोरांटोला निघणार, एवढे पक्के. तिकिटे आली आहेत, आणि तेव्हापासून घरात एकच विषय आहे: थंडी.

पुणेकराला थंडीचा अभिमान असतो. १९३५ सालच्या १७ जानेवारीला पुण्यात पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता, हे मी चिरंजीवांना फोनवर मोठ्या ऐटीत सांगितले. ते म्हणाले, "बाबा, इथे जानेवारीत तेवढा पारा चढला, तर लोक कोटाची बटणे काढतात!"

मी गप्प बसलो. आपल्याकडे जानेवारीत पहाटे अकरा-बारा अंश, आणि दुपारी तीस. आकाश निरभ्र असते, हवा कोरडी. म्हणून दिवसा तापलेली जमीन रात्री झपाट्याने निवते. दहा वाजता स्वेटर खांद्यावर येतो, बारा वाजता खुंटीवर जातो. टोरांटोत भर दुपारीही पारा शून्याच्या आसपास, आणि रात्री उणे सात. डिसेंबरअखेर सूर्य पावणेपाचालाच मावळतो. म्हणजे आपण चहाचे आधण ठेवावे, तेव्हा तिथे दिवेलागण!

पण गंमत अशी, की घरात आपणच जास्त कुडकुडतो. आपल्या फरशा आणि भिंती उन्हाळ्यासाठी बांधलेल्या. तिथे घरमालकाने हिवाळ्यात घर किमान २१ अंश उबदार ठेवावे, असा महापालिकेचा नियमच आहे. बाहेरची हवा आत येऊन तापली, की अतिशय कोरडी होते. म्हणून ओठ फुटतात, आणि खोबरेल तेल इथल्यापेक्षा तिथेच अधिक लागते.

या सोयी नव्हत्या, तेव्हाही आपले माणूस तिथल्या थंडीत राहून आलेले आहे. १८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यक शिकायला फिलाडेल्फियाला गेल्या. थंडीत पाय उघडे पडू नयेत म्हणून त्यांनी नऊवारी सोडून गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. पण प्रकृती ढासळली होती, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यातच त्यांचा अंत झाला. ही गोष्ट मी हिला सांगायला नको होती.

"मला बर्फाची भीती नाही," ही म्हणाली. "गुडघ्यांना तिथेच बरे वाटेल. पण अहो, तिथे थंडी पडली की दारे बंद होतात. इथे थंडी पडली, की माणसे बाहेर येतात."

यावर मला उत्तर सुचले नाही. खराडी १९९७ साली महापालिकेत आली. आम्ही त्यानंतर काही वर्षांनी आलो, तेव्हा जवळपास ज्वारीची शेते होती, आणि हुरडा मिळे. आता तिथे काचेच्या उंच इमारती आहेत. पण मुळा-मुठेवरचे धुके अजून पहाटे वर येते, फाटकापाशी वॉचमन शेकोटी पेटवतो, आणि फिरायला निघालेले आम्ही चार म्हातारे तिथे हात शेकायला थांबतो. भोगीची भाजी आणि तिळाची भाकरी चार घरांतून फिरते.

हिचे म्हणणे मी चिरंजीवांना कळवले. ते जरा वेळाने म्हणाले, "गेल्या वर्षी मी तापाने पडलो होतो. सकाळी पाहतो तो दारातला बर्फ काढलेला. शेजारच्या आजोबांनी काढला होता. मला त्यांचे नावसुद्धा ठाऊक नव्हते." ही ऐकत होती. काही बोलली नाही; पण संध्याकाळी डिंकाच्या लाडवांचा डबा बॅगेत भरताना "हे त्या आजोबांचे" म्हणून चार लाडू वेगळे बांधले.

बॅगेला तेवीस किलोंची मर्यादा आहे. सासूबाईंच्या लुगड्यांची गोधडी तीन किलो भरली. एकवीस अंशांच्या घरात तिचा उपयोग काय, असे मी विचारले नाही. माझी तीन जाडजूड पुस्तके काढून ठेवली.

घर विकायचे की ठेवायचे, ते होळीपर्यंत पुढे ढकलले आहे. किल्ली शेजारच्या वहिनींकडे राहील. होळी जळाली, थंडी पळाली, असे आपण म्हणतो. टोरांटोत एप्रिलातही बर्फ पडतो म्हणे! तोवर तिथे आमचा जीव रमला, तर चिरंजीवांचे म्हणणे खरे. नाही रमला, तर वहिनींनी कुंड्यांना पाणी घालणे बंद करू नये.