घोरणं हे फीचर नाही

मे महिन्यातल्या एका शनिवारी पुण्याहून कुंभार्ली घाट उतरून संगमेश्वरला आजोळी गेलो. सोबत मावसभाऊ आणि त्याचा पग. नाव लाडू, वय तीन वर्षं, वजन अकरा किलो. (पगचं वजन सहा ते आठ किलो असावं. वरचे तीन किलो म्हणजे घरच्यांचं प्रेम!) गाडीत एसी होता तोवर साहेब मस्त घोरत होते. दुपारी अडीचला गाडीतून उतरले, जेमतेम पन्नास पावलं चालले आणि पडवीत आडवे. जीभ जांभळी, तोंडाला फेस, आणि आवाज असा की चढावर जुनी स्कूटर बंद पडतेय.

"अरे, ह्याला धाप कसली लागलीय? डोंगर चढून आला काय?" आजी म्हणाली.

"आजी, पग असेच असतात गं," इति मावसभाऊ.

आजीने उत्तर न देता विहिरीच्या पाण्याची कळशी उचलली आणि लाडूच्या अंगावर ओतायला घेतली. मी पंखा आणून लावला. जरा सावरल्यावर एसी लावून गाडीतून डॉक्टरांकडे नेला. वाचला.

तर मंडळी, माझा राग आहे तो 'पग असेच असतात' या तीन शब्दांवर.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून तो तोंडा-नाकातला ओलावा उडवतो, त्यातून अंग थंड होतं. पगचं तोंड माणसाने पैदास करता करता चपटं केलं, पण आतलं सामान त्या मानाने कमी झालं नाही. नाकपुड्या फटीएवढ्या, टाळूचा मऊ भाग मागे घशात लोंबतोय. म्हणजे कूलिंगची यंत्रणाच अर्धी बंद. त्यात शास्त्री आणि सोनवीच्या संगमावरची मे महिन्यातली हवा. पारा पुण्यापेक्षा कमी असेलही, पण तिथे वाळत घातलेला टॉवेल वाळत नाही, कुत्र्याच्या जिभेवरचा ओलावा काय उडणार?

आपण मात्र त्याच्या घोरण्याचे व्हिडिओ काढतो. आमच्या धंद्यात बग सापडला की काही महाभाग त्याला फीचर म्हणून खपवतात. इथे तेच झालंय. आणि हा बग देवाने घातलेला नाही. विल्यम होगार्थ या इंग्रज चित्रकाराने १७४५ साली आपल्या पगसोबत स्वतःचं चित्र काढलं, ते बघा. त्या कुत्र्याला चक्क नाक आहे! पायही लांब आहेत. नंतरच्या पिढ्यांमध्ये आपल्याला 'गोड' वाटावं म्हणून ते चेपत नेलं. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२२ साली मांडलेला हिशोब असा, की या श्वास कोंडण्याच्या आजाराचा धोका पगला इतर कुत्र्यांच्या सुमारे ५४ पट आहे.

आपल्याकडे हे वेड पसरवलं २००३च्या हचच्या जाहिरातीने. पोरगा पुढे, पग मागे. जाहिरात झकासच होती, पण मोबाईलचं नेटवर्क निवडावं तसा आपण कुत्राही निवडायला लागलो.

"अरे, पण फ्लॅटला बरा. फार फिरवावं लागत नाही, शांत असतो." हा युक्तिवाद मी शंभरदा ऐकलाय. माणसांवर जीव लावणारं, पोराबाळांत रमणारं जनावर आहे, मान्य. पण त्याला फार फिरवावं का लागत नाही, हा प्रश्न कुणी विचारलाय? दम लागतो म्हणून! दम्याच्या पेशंटला 'किती शांत स्वभाव' म्हणण्यातला हा प्रकार.

ज्यांच्या घरी पग आहे, त्यांनी त्याला टाकून देऊ नका, नीट सांभाळा. गळ्यात पट्टा नको, छातीचा हार्नेस घ्या. उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि सूर्य मावळल्यावरच फिरवा. वजन दर महिन्याला बघा, ताटातली पोळी देणं बंद. चेहऱ्याच्या घड्या रोज पुसून कोरड्या करा. डोळे बाहेर आलेले असतात, पटकन जखम होते; लाल दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर. उन्हाने आडवा झाला तर आधी पाणी ओता, वारा घाला, मग पळा. ओली चादर पांघरून ठेवू नका, आतली उष्णता कोंडते. घोरणं वाढलं तर डॉक्टरांना विचारा. नाकपुड्या रुंद करायचं ऑपरेशन होतं.

आणि ज्यांच्या घरी अजून नाही, त्यांनी कृपा करून विकत घेऊ नका. २०१७च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याला नोंदणी लागते, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, मादीची आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं काढता येत नाहीत. पण पिल्लाला श्वास घेता येतो का, हे बघून पैसे मोजणारे आपणच. आपण मोजायचं थांबलो की तेही काढायचे थांबतील.

लहान कुत्राच हवा? लहानपणी कॉलनीत ज्याला आपण 'पॉमेरियन' म्हणायचो तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असायचा. लांब नाकाचा, आपल्या हवेत रुळलेला. नाहीतर गावठी पिल्लू आणा, फुकट मिळतं.

आजीच्या पडवीत असा एक गावठी आहेच. लाडू आडवा पडला तेव्हा तो बाजूला बसून बघत होता. त्याचा श्वास मात्र ऐकू येत नव्हता. कुत्रे खरं तर असेच असतात.