घरे उभी, वस्ती उठली

घर कशाचे बनते, असे वर्गात विचारले की उत्तर ठरलेले असते: दगड, विटा, सिमेंट. अशा वेळी आम्ही मुलांना स्कॉटलंडमधल्या क्रोव्ही या गावाची गोष्ट सांगतो.

ईशान्य किनाऱ्यावर, ॲबर्डीनशायरमध्ये हे छोटेसे गाव आहे. मागे उंच कडा, पुढे समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर दगडी घरांची एकच रांग. पुढची वाट इतकी अरुंद की मोटार जातच नाही. गाडी गावाच्या टोकाला ठेवायची आणि सामान एकचाकी हातगाडीवर घालून घरी न्यायचे, अशी तिथली रीत.

बहुतेक घरांची अरुंद बाजू समुद्राकडे आहे. वाऱ्याला आणि लाटांना धडकायला कमीत कमी भिंत मिळावी, हा त्यामागचा हिशेब. समुद्राचे देखणे दृश्य खिडकीतून दिसावे, ही चैन त्या कोळ्यांना परवडणारी नव्हती.

ही माणसे तिथे हौसेने आली नव्हती. अठराव्या शतकाच्या अखेरीस जमीनदारांना कुळांपेक्षा मेंढ्या फायद्याच्या वाटू लागल्या. जमिनीवरून उठवलेल्या कुटुंबांनी किनारा गाठला. नांगर धरणाऱ्या हातांनी जाळी धरली आणि दीडशे वर्षे संसार केले.

मग 31 जानेवारी 1953 चे वादळ आले. याच वादळाने नेदरलँड्समध्ये 1,800 हून अधिक माणसांचा बळी घेतला. क्रोव्हीतली काही घरे उद्ध्वस्त झाली आणि अनेक कुटुंबे गाव सोडून गेली. मासेमारी तर आधीच मोठ्या बंदरांकडे सरकत होती.

उरलेली घरे आज छान राखलेली आहेत. पण त्यांतली बहुतेक सुट्टीत येऊन राहण्यापुरती आहेत. पाहुणे परतले की हिवाळ्यात खिडक्या अंधारतात. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या अनेक गावांत हेच दुखणे आहे. बाहेरच्यांच्या मागणीने किमती चढतात आणि गावच्या तरुणांना गावात घर घेता येत नाही. म्हणूनच एप्रिल 2024 पासून तिथल्या स्थानिक संस्थांना अशा दुसऱ्या घरांवर दुप्पट कर लावण्याची मुभा मिळाली आहे.

गोष्ट संपली की आम्ही तोच प्रश्न पुन्हा विचारतो. या वेळी मुले लगेच हात वर करत नाहीत, थोडा विचार करतात. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणते, "सर, आधी घरात माणसे लागतात."